ऑपरेशन फुकट आहे, पण नागपूरला येणार कसं?

वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

लहान मुलांच्या मोफत उपचारांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं गेल्या अंकात सहज म्हणून गेले आणि पत्रांचा ढीग आला. काही पत्रं आईबापांची, काही पैसे द्यायला निघालेल्यांची, आणि एक चक्क भांडायला आलेलं. सगळ्यांना इथे जागा नाही. ज्यांच्या प्रश्नात आणखी चौघांचा प्रश्न दडलेला होता, ती घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

नव्या वाचकांसाठी पुन्हा सांगते, मी डॉक्टर नाही. नागपुरातल्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. म्हणजे डॉक्टरांचं बोलून झालं की माणसं हातात कागदांची पिशवी घेऊन जिच्या टेबलाशी येतात, ती बाई. गोळ्या-इंजेक्शनांचं डॉक्टरांना विचारा. कागदांचं, पैशांचं, राहण्याचं आणि येण्याजाण्याचं मला विचारा.

प्रश्न : माझ्या लेकीला मुलगी झाली, दीड महिन्याची आहे. वरचा ओठ चिरलेला आहे आणि आतून टाळूही फाटलेली आहे. दूध नाकातून येते. सासरचे म्हणतात, ग्रहणात विळीवर बसली म्हणून असं झालं. जवळच्या गावात फुकट ऑपरेशनचं शिबिर लागणार आहे म्हणतात. तिथे करून घ्यावं का? – एक आजी, काटोल

आजी, आधी विळीचं. बाळाचा ओठ पोटात चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर नवव्या आठवड्यापर्यंत. तेव्हा कित्येक बायांना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. जगभरात साधारण सातशे बाळांमागे एकाला हे होतं, आणि ग्रहण न पाळणाऱ्यांच्या देशातही तितकंच होतं. काही घरांत ते रक्तातून येतं, काही वेळा फोलिक ॲसिड कमी पडतं, काही औषधांनी किंवा तंबाखूच्या धुरानं धोका वाढतो, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. लेकीनं काही केलं नाही. हे तुम्ही तिच्या सासूसमोर, मोठ्यानं म्हणा. आईच्या आईनं म्हटलेलं वेगळं लागतं.

आता दूध. सध्या तेच मोठं काम आहे. बाळाला आडवं ठेवून पाजू नका, पाठ आणि मान धरून जवळजवळ बसवून पाजा. टाळू फाटली असेल तर बाळाला ओढता येत नाही, म्हणून आईनं दूध काढून वाटी-चमच्यानं किंवा घरात जुनं बोंडलं असेल तर त्यानं, थोडं थोडं द्यावं. मध्ये मध्ये थांबून ढेकर काढावा. नाकातून थोडं दूध येणारच, घाबरू नका. पण दर आठवड्याला अंगणवाडीत वजन करा आणि ते लिहून ठेवा. ओठाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांचा एक जुना ठोकताळा आहे : वय दहा आठवड्यांच्या पुढे, वजन साडेचार किलोच्या आसपास, हिमोग्लोबिन दहा. यात वय आपोआप वाढतं, वजन आपल्याला वाढवावं लागतं. उपाशी बाळाला घाईनं ऑपरेशनला नेऊन काही साधत नाही. दोन-तीनदा केलेल्या वजनात काटा सरकलाच नाही तर मात्र अंगणवाडीत न थांबता बालरोगतज्ज्ञाकडे न्या.

शिबिराचं विचारलंत. ओठ शिवणारे सर्जन चांगले असू शकतात, मी त्यावर बोलत नाही. तुम्ही आयोजकांना विचारा, की शिबिर उठून गेल्यावर टाके उसवले किंवा ताप आला तर आम्ही कोणाकडे जायचं? टाळूचं ऑपरेशन ओठासोबत सहसा होत नाही, ते साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होतं. ते कोण करणार? टाळूच्या मुलांच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येतं, आणि बोलणं नाकातून येतं. त्याला स्पीच थेरपी लागते, कधी वर्षानुवर्षं. दात येताना पुन्हा काम निघतं. या सगळ्याचं उत्तर "बघू" असं मिळालं तर शिबिराचा मंडप कितीही मोठा असो, परत या.

खर्च शून्य होऊ शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची डॉक्टरांसह गाडी वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. जन्मतः असलेले दोष, फाटलेला ओठ आणि टाळूसुद्धा, त्यांच्या यादीत आहेत. गाडीची वाट बघत बसू नका. आशाताईला सांगून त्या पथकाला निरोप द्या. ते पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी देतात. 'स्माइल ट्रेन' नावाची १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था इथल्याच रुग्णालयांना आणि इथल्याच सर्जनना पैसे आणि प्रशिक्षण देते, ऑपरेशन त्या मुलासाठी मोफत होतं. पथकाला किंवा नागपुरातल्या प्लास्टिक सर्जरी विभागात विचारलंत तर जवळचं असं रुग्णालय सांगतील. बाळाचा जन्मदाखला, आईचं आधार, रेशनकार्ड, तिन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स. आणि जावयाला सोबत घ्या. पहिल्याच भेटीत बाप आला की पुढच्या भेटी चुकत नाहीत, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

प्रश्न : मी भिंती रंगवायचं काम करतो. मुलाला न्यूमोनिया झाला, रात्री श्वास लागला म्हणून जवळच्या मोठ्या ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं. आधी डिपॉझिट भरा, मग बेड, असं सांगितलं. बाहेर तर 'धर्मादाय' अशी पाटी आहे. शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो, मुलगा आता बरा आहे. पण ती पाटी कशासाठी? – कळमना, नागपूर

भाऊ, मुलगा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. पाटी कायद्यासाठी आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. त्यात कलम ४१ कक आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये त्याची योजना घालून दिली. ट्रस्टच्या रुग्णालयाला जमीन, कर, वीज यांत ज्या सवलती मिळतात त्यांच्या बदल्यात त्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. प्रत्येक बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त टाकायची असते. घरचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. आधी दाखल करायचं, जीव सावरायचा, कागद नंतर.

म्हणून पुढच्या वेळी कॅशियरशी वाद घालू नका. त्याच्या हातात काही नसतं, आणि रात्री तर मुळीच नसतं. "मला इथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं आहे, योजनेखाली खाट हवी आहे" एवढंच म्हणा. हे शब्द उच्चारले की समोरच्याचा आवाज बदलतो, कारण हा माणूस माहितगार आहे हे त्याला कळतं. "खाट शिल्लक नाही" म्हणाले तर ते लिहून मागा. कोणी लिहून देत नाही. तरी मागा, तारीख आणि वेळ आपल्या वहीत टिपा, आणि सिव्हिल लाइन्सला धर्मादाय सह आयुक्तांच्या कार्यालयात साध्या कागदावर तक्रार द्या.

मात्र तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. मूल आजारी पडल्यावर सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंही विसरू नका. २०२४ पासून ती वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत झाली आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे. योजनेतल्या रुग्णालयात दाराशी 'आरोग्यमित्र' बसतो. त्याची खुर्ची रिकामी दिसली तर १५५३८८ ला फोन लावा. याच योजनेत रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही धरलेलं असतं. भाड्याचं कोणी आपण होऊन सांगत नाही. सुट्टी मिळताना तुम्हीच विचारा.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. पत्नी गेल्या वर्षी वारली. तिच्या नावानं गरीब मुलांच्या उपचारांसाठी एक लाख रुपये द्यायचे आहेत. मोबाइलवर रोज नळ्या लावलेल्या मुलांचे फोटो येतात, कोणावर विश्वास ठेवावा कळत नाही. मुलगा अमेरिकेत असतो, तो म्हणतो आफ्रिकेत काम करणाऱ्या संस्थेला द्या, तिथे त्याच पैशात जास्त मुलं वाचतात. – लक्ष्मीनगर, नागपूर

काका, तुमचा मुलगा चुकीचं बोलत नाही. मलेरियानं होणारे जगातले बहुतेक मृत्यू आफ्रिकेत होतात आणि तिथे त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश पाच वर्षांखालच्या मुलांचे असतात. औषध लावलेली मच्छरदाणी स्वस्त, आणि तिचा उपयोग पुन्हा पुन्हा सिद्ध झालेला. निव्वळ हिशेबानं द्यायचं असेल तर मुलाचं ऐका, त्यात काही गैर नाही. पण पत्रात तुम्ही पुढे लिहिलं आहे, की वहिनी दर संकष्टीला दवाखान्याबाहेर फळं वाटायच्या. मग मला वाटतं तुम्हाला हे पैसे जवळपास कुठेतरी कामी आलेले बघायचे आहेत. तसं असेल तर पैसा नेमका कुठे अडतो ते सांगते. लोक समजतात तिथे तो अडत नाही.

ब्लड कॅन्सरचं घ्या. मुलांना होणारा त्याचा जो सगळ्यात नेहमीचा प्रकार आहे, तो श्रीमंत देशांत दहांतल्या आठांहून जास्त मुलांचा बरा होतो. सगळे बालकर्करोग एकत्र धरले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, आणि गरीब-मध्यम देशांत बऱ्याच ठिकाणी तीस टक्केसुद्धा नाही. औषधं बहुतेक तीच आहेत, जुनी आहेत. मग फरक कशाचा? निदान उशिरा होतं, चुकीचं होतं, हे आहेच. पण एक मोठं कारण असं, की उपचार अर्धवट सुटतो.

एटापल्लीकडचं एक कुटुंब माझ्या टेबलाशी यायचं. सात वर्षांची मुलगी. योजनेत नाव बसलं, औषधं मोफत, डॉक्टर चांगले. पहिल्या महिन्यातच ताप गेला, हिरड्यांतलं रक्त थांबलं, पोरगी वॉर्डात धावायला लागली. हा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो, हे आम्ही बापाला चारचारदा समजावलं होतं. तो मान हलवायचा. पण आषाढ लागला, धानाची रोवणी आली. घरी आणखी दोन लेकरं, म्हाताऱ्या आईच्या भरवशावर. नागपूरला यायचं म्हणजे आधी आलापल्ली, मग चंद्रपूर, मग गणेशपेठ स्टँड, एका खेपेला दोघांचे तीन दिवस आणि रोजी बुडते ती वेगळी. बकऱ्या विकून झाल्या होत्या. आणि समोर पोरगी तर चांगली खेळते आहे! कोणता बाप म्हणेल की रोवणी सोडून चांगल्या पोरीला सुया टोचायला नेतो? ते आले नाहीत. आशाताईमार्फत निरोप पाठवले, फोन लागला की बंद पडायचा. दिवाळीनंतर आले तेव्हा आजार परतला होता. फाइलवर डॉक्टरांनी शेरा मारला, 'पालकांनी उपचार सोडला'. मला तो शेरा कधी आवडला नाही. सोडला हे खरं, पण धरून ठेवायला त्यांच्याजवळ काय होतं?

त्या मुलीच्या औषधांसाठी पैसे देणारे चार जण मला त्याच महिन्यात भेटले असते. तिच्या बापाच्या बुडालेल्या रोजीसाठी देणारा कोणी भेटत नाही. भाड्याच्या खोलीसाठी, दुसऱ्या पोराच्या दुधासाठी, तिकिटासाठी, फोनच्या रिचार्जसाठी कोणी देत नाही, कारण त्यावर पाटी लावता येत नाही.

काका, तुमचे लाख रुपये तिथे द्या. मुंबईत २००६ पासून 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' हेच काम करतं, कॅन्सर झालेल्या मुलांना आईबापासकट उपचार संपेपर्यंत मोफत राहायला देणं. पुढे इतर शहरांतही त्यांनी घरं उघडली. नागपुरात मुलांचा कॅन्सर जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आणि तुकडोजी महाराजांच्या नावाच्या कॅन्सर रुग्णालयात बघितला जातो. स्वतः जा. समाजसेवा विभागात बसा आणि विचारा, की तुमच्याकडे येणं बंद केलेल्या मुलांच्या घरी फोन कोण करतं? बाहेरगावच्या पालकांच्या राहण्याची सोय कोण बघतं? ज्या माणसाजवळ त्या मुलांची यादी वहीत लिहिलेली असेल, त्याच्या हातात पैसे दिले तर ते कामी लागतील. एकदम लाख देऊ नका. दरमहा ठरावीक रक्कम बांधून द्या, एखाद-दोन मुलांचा पूर्ण उपचार होईपर्यंत. तुम्ही बँकेतले, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं कळेल.

मोबाइलवरच्या फोटोंचं. सगळे खोटे नसतात, पण पैसे कोणाच्या खात्यात जातात ते बघा. रुग्णालयाच्या खात्यात जात असतील तर ठीक. रुग्णालयाला फोन करून त्या नावाचं मूल दाखल आहे का, खर्चाचा अंदाज खरा आहे का, विचारायला लाजू नका. संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, मागच्या वर्षीचा ऑडिट झालेला हिशेब आणि प्राप्तिकराच्या ८०जी ची पावती मागा. आणि एक माझं वैयक्तिक मत, कोणाला राग आला तर येवो : तुम्ही पैसे दिलेल्या मुलाचा फोटो मागू नका. चेक हातात धरून आईबापांना उभं करणारे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले. ती आई फोटोत तुमच्याकडे बघत नाही, खाली बघते.

वय पासष्टच्या आत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर मे महिन्यात रक्तदान करा. उन्हाळ्यात कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि नागपूरच्या रक्तपेढ्या कोरड्या पडतात. सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या मुलांना रक्त मेमध्येही लागतं.

प्रश्न : माझ्या भाच्याच्या हृदयाला छिद्र आहे. रायपूरला फुकट ऑपरेशन होते असं ऐकलं, खरं आहे का? – गोंदिया

खरं आहे. नवा रायपूरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. तिथे मुलांच्या जन्मजात हृदयदोषांवर पूर्ण मोफत उपचार होतात, पैसे घ्यायची खिडकीच नाही. तुमच्याकडून थेट गाडी आहे. पण आधी नोंदणी करून तारीख घ्या, एकदम पोराला उचलून निघू नका, तिथेही रांग असते. सगळे जुने इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि एक्स-रे सोबत न्या.

त्याआधी मात्र बालहृदयतज्ज्ञाला दाखवून छिद्र केवढं आणि कुठलं आहे ते कळू द्या. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधली लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, नुसती नजर ठेवायची असते. उलट मूल दूध पिताना घामेजत असेल, वजन धरत नसेल, रडताना ओठ निळे पडत असतील तर थांबू नका. हृदयाच्या ऑपरेशनसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ठरावीक नमुन्यातला फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यानिशी आणून आरक्षणाच्या खिडकीवर द्यायचा.

प्रश्न : मी एमबीबीएस करून इंटर्नशिप करतोय. बाहेरची पथकं येतात, चार दिवस धडाधड ऑपरेशनं करतात, व्हिडिओ काढतात, निघून जातात. मागे राहिलेले टाके आम्ही बघतो. मुळात दानधर्मावर मुलांचे उपचार चालणं हेच चूक नाही का? सरकारची जबाबदारी सरकारनं घ्यावी. तुम्ही लोकांना दान करायला शिकवून सरकारला मोकळं सोडताय. – नंदनवन, नागपूर

डॉक्टर, तुझा राग मला आवडला. पत्र दोनदा वाचलं. अर्ध्याशी मी सहमत आहे.

पथकांचं तू म्हणतोस ते त्या पथकांनाही कळलेलं आहे. 'ऑपरेशन स्माइल'ची गोष्ट तुला माहीत असेल. १९८२ मध्ये एक अमेरिकन सर्जन आणि त्याची परिचारिका बायको फाटलेल्या ओठांची ऑपरेशनं करायला फिलिपिन्सला गेले. दारात इतकी मुलं आली की बहुतेकांना तसंच परत पाठवावं लागलं. त्यातून संस्था उभी राहिली. दानाच्या पैशातून विमानानं डॉक्टर आणायचे की त्याच पैशात गावातला डॉक्टर तयार करायचा, हा वाद तेव्हापासून या क्षेत्रात चालू आहे. आणि तो बराचसा दुसऱ्या बाजूनं सुटत आला आहे, असं मला वाटतं.

वाकड्या पायांचं, तुमच्या भाषेत क्लबफूटचं, उदाहरण तर त्याहून चांगलं. साधारण हजारात एका बाळाला हा दोष असतो. पूर्वी मोठी चिरफाड व्हायची, पाय सरळ व्हायचा पण पुढे ताठरायचा. अमेरिकेत आयोवाला इग्नासिओ पॉन्सेटी नावाच्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवलं होतं, की दर आठवड्याला हलक्या हातानं पाय वळवून प्लास्टर केलं, पाच-सहा प्लास्टरांनंतर टाचेच्या शिरेला छोटी चीर दिली, की पाय जागेवर येतो. सर्जन मंडळींनी कित्येक वर्षं ढुंकून पाहिलं नाही. हातोटी शिकलेला माणूस हवा आणि प्लास्टर हवं, एवढ्यावर होणारं काम आहे, म्हणून गरीब देशांसाठी ते सोन्यासारखं. यात कोणी चार दिवसांसाठी येऊन चालतच नाही! प्लास्टर संपलं की तीन महिने दिवसरात्र आणि मग चार वर्षांचा होईपर्यंत झोपताना बूट-पट्टी घालावी लागते. बूट सुटला की पाय पुन्हा वळतो. क्लिनिकमध्ये त्या बुटाच्या मागे लागणारा, आईला फोन करणारा जो माणूस असतो, त्याचा पगार बऱ्याच ठिकाणी दानातून निघतो. सरकारी ओपीडी, सरकारी डॉक्टर, सरकारी प्लास्टर, आणि मधला धागा दानाचा. मला यात काही चूक दिसत नाही.

आता सरकारला मोकळं सोडण्याचं. आपल्या शेजारचंच बघ. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ च्या सुमारास गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजायचे, बाळ उबेत ठेवायचं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायचं. आरोग्यदूत म्हणायचे त्यांना. त्या गावांत नवजात मृत्यूंचा दर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनीच नाकं मुरडली होती, की अडाणी बाई इंजेक्शन देणार? २०११ मध्ये भारत सरकारनं घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम आशांमार्फत देशभर घेतला. आज तुझ्या वॉर्डातून सुट्टी झालेल्या बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जी आशा जाते, ती तिथून आली आहे. पहिला पैसा आणि पहिला धोका संस्थेनं पत्करला, पुढे सरकारला घ्यावं लागलं. दान इथपर्यंत पोचलं तर सरकार सुटत नाही, उलट अडकतं.

तू म्हणतोस तसं दानही पाहिलं आहे. यंत्र भेट देतात, पाटी लागते, तंत्रज्ञ नसतो, यंत्रावर चादर पडते. त्या चादरी मोजायला लागलो तर हा अंक पुरायचा नाही.

तेव्हा भांड, जरूर भांड. पण इंटर्नशिपमध्ये एक कर. डिस्चार्ज कार्डावर 'फॉलोअप एक आठवड्यानं' असं लिहितोस ना, त्यापुढे वार लिही, खोली क्रमांक लिही, आणि मराठीत लिही. आणि त्या बाईला विचार की तुझ्या गावाहून पहिली एसटी किती वाजता सुटते. ओपीडीची चिठ्ठी अकराला बंद होते आणि गाडी साडेअकराला पोचते, अशा कित्येक बाया दुसऱ्या दिवसापर्यंत पायऱ्यांवर झोपतात.

प्रश्न : शाळेतल्या तपासणीत मुलाला सिकलसेल 'एएस' निघालं. पुतणीला 'एसएस' आहे, ती सारखी आजारी असते. मुलाचंही तसंच होणार का? – उमरेड

नाही. 'एएस' म्हणजे वाहक, 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष आजार. मुलगा वाहक आहे. त्याला एरवी त्रास होत नाही, औषधही लागत नाही. लग्नाच्या वेळी समोरच्या मुलीची तपासणी करून घ्यायची, एवढं त्याला मोठा झाल्यावर सांगा. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळ 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते.

पुतणीकडे लक्ष द्या. तिला फोलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर हायड्रॉक्सीयुरिया रोज घ्यायचं, दुखणं नसतानाही. सगळा घोळ इथेच होतो : बरं वाटलं की गोळी बंद. भरपूर पाणी, थंडीत गरम कपडे, न्यूमोनियाची लस, आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत असतात, रक्तही मोफत मिळायला हवं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. एसटीच्या सवलतींच्या यादीतही सिकलसेलचे रुग्ण आहेत. उमरेडच्या आगारात जाऊन कोणता दाखला लागतो ते विचारून घ्या आणि नागपूरची पुढची तारीख यायच्या आत काढून ठेवा.

प्रश्न : आम्ही बालाघाटचे, मध्य प्रदेशात राहतो. मुलीला नागपूरला दाखवतो. इथले म्हणतात तुमचं रेशनकार्ड चालत नाही. – बालाघाट

बरोबर सांगतात. फुले योजना महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. पण तुमच्याकडे मध्य प्रदेशचं आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरच्या, त्या योजनेत असलेल्या रुग्णालयातही चालतं. नागपूरला निघण्याआधी रुग्णालयाला फोन करून विचारा, "बाहेरच्या राज्याचं आयुष्मान कार्ड घेता का, आणि या आजारासाठी घेता का?" दोन्ही प्रश्न विचारा, नुसता पहिला नाही. मुलीच्या नावाचं कार्ड निघालेलं आहे का तेही पाहा. कित्येक घरांत फक्त आईबापांचीच कार्डं असतात. नसेल तर बालाघाटलाच काढून घ्या.